ऋण ऊर्जेचा भागीदार नेहमी आतच का जातो?

कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने बारावीच्या वर्गात निघालेले तीन प्रश्न माझ्याकडे पाठवले आहेत. कृष्णविवरही प्रारण सोडते आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान हळूहळू घटत जाते, या प्रारणाला हॉकिंग प्रारण म्हणतात. ते समजावताना त्यांनी वर्गात सांगितले की, कृष्णविवराच्या घटना क्षितिजाजवळ, म्हणजे ज्या सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही तिच्याजवळ, कणांची जोडी निर्माण होते, तिच्यातील एक कण आत पडतो आणि दुसरा बाहेर निसटतो. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, कण आत पडत असेल तर कृष्णविवराचे वस्तुमान वाढायला हवे, ते कमी कसे होते? ‘आत पडणाऱ्या कणाची ऊर्जा ऋण असते’ हे उत्तर मिळाल्यावर तिने पुढे विचारले की, ऋण ऊर्जेचा कण प्रत्येक वेळी आतच का पडतो, निम्म्या वेळा तो बाहेर का येत नाही? आणि शेवटी, अशी जोडी कोणी प्रत्यक्ष पाहिली आहे काय? गेली अनेक वर्षे मी येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व्यापक सापेक्षता शिकवत आलो आहे आणि दुसरा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. तो चुकवू नये असा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर देताना ‘ऊर्जा’ या शब्दाचा अर्थच तपासून पाहावा लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ऋण ऊर्जेचा कण म्हणजे प्रतिकण नव्हे. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण म्हणजे पॉझिट्रॉन. त्याचा विद्युतभार इलेक्ट्रॉनच्या उलट असतो, पण त्याचे वस्तुमान आणि ऊर्जा दोन्ही धनच असतात. एक किलो प्रतिद्रव्य कृष्णविवरात टाकले, तर त्याचे वस्तुमान कमी न होता एक किलोने वाढेल. ‘प्रतिकण आत जाऊन तेथील द्रव्य नष्ट करतो’ असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण ते सर्वस्वी चुकीचे आहे. विद्युतभार नसलेल्या कृष्णविवरातून कण आणि प्रतिकण सारख्याच प्रमाणात बाहेर पडतात. शिवाय ताऱ्याच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान इतके अल्प असते की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे जवळजवळ अशक्यच. तेथून मुख्यतः फोटॉन निघतात, आणि फोटॉन हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो.

मग ऋण काय असते? कृष्णविवरापासून फार दूर असलेला निरीक्षक स्वतःच्या घड्याळाच्या आधारे कणाची जी ऊर्जा मोजतो, ती येथे अभिप्रेत आहे. कृष्णविवराबाहेरील अवकाश-काल या घड्याळाच्या काळानुसार बदलत नाही, म्हणून ही ऊर्जा अक्षय्य राहते आणि कृष्णविवराच्या वस्तुमानाचा हिशेब तिच्यातच मांडला जातो. स्थिर धरून ठेवलेल्या वस्तूची ही ऊर्जा, वस्तू क्षितिजाच्या जितकी जवळ असेल तितकी कमी भरते. क्षितिजाच्या त्रिज्येच्या १.३३ पट अंतरावर धरलेल्या एक किलोच्या वस्तूची किंमत दूरच्या निरीक्षकाच्या हिशेबात अर्धा किलोच राहते आणि प्रत्यक्ष क्षितिजावर ती शून्यावर येते. म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारी वजाबाकी तेथे वस्तूच्या संपूर्ण वस्तुमानाइतकी होते. क्षितिज ओलांडले की ही वजाबाकी त्याहूनही मोठी होऊ शकते.

याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहू. क्षितिजाच्या आत अवकाश आणि काळ यांच्या भूमिका बदलतात. बाहेर जी काळाची दिशा होती, ती आत अवकाशातील एक दिशा बनते. म्हणून बाहेर जिला आपण ऊर्जा म्हणत होतो, तीच अक्षय्य राशी आत संवेगाच्या एका घटकासारखी वागते, आणि संवेगाला चिन्हाचे बंधन नसते. महामार्गावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा संवेग धन मानला, तर बेळगावकडे जाणाऱ्या गाडीचा ऋण होतो, पण म्हणून ती दुसरी गाडी कमी खरी ठरत नाही. आत पडलेल्या त्या कणाजवळून एखादा निरीक्षक गेला, तर त्याच्या मोजमापात त्या कणाची ऊर्जा धनच येईल. ऋण चिन्ह येते ते दूरच्या निरीक्षकाच्या हिशेबात, आणि कृष्णविवराचे वस्तुमानही त्याच हिशेबात मोजले जात असल्यामुळे ते तितक्याच प्रमाणात घटते. ‘ऋण ऊर्जा’ हा त्या कणाचा अंगभूत गुण नाही, हे वर्गात जितके ठासून सांगता येईल तितके सांगावे.

यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. जोडीची एकूण ऊर्जा शून्य असली पाहिजे, म्हणून एकाची ऊर्जा धन असेल तर दुसऱ्याची तेवढीच ऋण असते. क्षितिजाबाहेर, न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत, ऋण ऊर्जेचा खरा कण अस्तित्वातच असू शकत नाही, कारण तेथे ती राशी खरोखरची ऊर्जा आहे आणि कणासाठी ती धनच असावी लागते. आत मात्र तसा मज्जाव नाही. त्यामुळे ‘धन कण आत आणि ऋण कण बाहेर’ हा पर्याय कमी शक्यतेचा नसून तो उपलब्धच नाही. नाणे उडवल्यावर दरवेळी छाप पडावी असा हा प्रकार नाही, येथे नाण्याला काटा ही बाजूच नाही. (फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाबाहेरही असा एक पट्टा असतो जेथे ही ऊर्जा ऋण होऊ शकते. १९७० च्या दशकाच्या आरंभी याकोव झेल्डोविच आणि अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी फिरणाऱ्या कृष्णविवरातून प्रारण निघेल असे दाखवले. १९७३ मध्ये मॉस्कोत त्यांच्याशी झालेल्या चर्चेनंतरच स्टीफन हॉकिंग यांनी हे गणित स्वतःच्या पद्धतीने करायला घेतले.)

एवढ्यावर बारावीच्या वर्गाचे समाधान व्हायला हरकत नाही. परंतु जोडीच्या या चित्रात एक खोलवरचा दोष आहे आणि तो झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. चित्रात आपण दोन बारीक गोळ्या काढतो आणि मधोमध क्षितिजाची रेघ ओढतो. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर असते, तर त्याच्या प्रारणाची प्रमुख तरंगलांबी भरते सुमारे ४७ किलोमीटर, म्हणजे त्रिज्येच्या जवळजवळ १६ पट. जी लहर कृष्णविवराहूनही इतकी मोठी आहे, ती ‘क्षितिजापासून एक मिलिमीटर अंतरावर जन्मली’ असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. दुसरे असे की, हॉकिंग यांचे मूळ गणित परस्परक्रिया नसलेल्या मुक्त क्षेत्राचे आहे (क्षेत्र म्हणजे अवकाशभर पसरलेली अशी राशी, जिच्या लहरी आपल्याला कण म्हणून दिसतात). ज्यांना आपण आभासी कण म्हणतो ते क्षेत्रांच्या परस्परक्रियांच्या गणितातून येतात, आणि या गणितात क्षणभर उमलून मावळणाऱ्या जोड्या कोठेच नाहीत. १९७५ च्या आपल्या सविस्तर निबंधात हॉकिंग यांनी स्वतःच जोडीचे चित्र दिले आहे, पण ते केवळ समजुतीसाठी आहे, त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, अशी सूचनाही सोबत दिली आहे. चित्र जगभर पोहोचले, सूचना मागे राहिली.

मग गोळ्यांऐवजी काय डोळ्यांसमोर आणावे? मी विद्यार्थ्यांना पंचगंगेवरच्या बंधाऱ्याकडे पाहायला सांगतो. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी पलीकडे कोसळत असते. माथ्याच्या बऱ्याच अलीकडे, संथ पाण्यात दगड टाकला तर लाटेचे वर्तुळ सर्व बाजूंनी पसरते आणि त्याची एक कड प्रवाहाविरुद्ध वरच्या अंगाला सरकते. माथ्यापलीकडे, उतारावरच्या वेगवान पाण्यात दगड टाकला तर सगळे वर्तुळच खाली वाहून जाते. उथळ पाण्यातील लांब लाटांचा वेग खोलीवर अवलंबून असतो. चाळीस सेंटिमीटर खोलीला तो सेकंदाला सुमारे दोन मीटर असतो. प्रवाहाचा वेग जेथे लाटेच्या वेगाइतका होतो, ती रेषा म्हणजे लाटांचे क्षितिज. त्या रेषेवर पाण्यात वेगळे असे काहीच नसते. तेथून वाहत जाणाऱ्या पानाला आपण काही ओलांडले याचा पत्ताही लागत नाही.

आता त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, वरच्या दिशेने जाऊ पाहणारी एक लाट कल्पा. रेषेच्या अलीकडचा तिचा भाग प्रवाहाशी झगडत हळूहळू वर चढतो आणि ताणला जातो. पलीकडचा भागही वरच्या दिशेनेच धडपडत असतो, परंतु प्रवाह त्याच्यापेक्षा वेगवान असल्याने तो मागे मागे खेचला जातो. काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने या दुसऱ्या भागाची ऊर्जा ऋण भरते. कृष्णविवराच्या जोडीचे खरे रूप हे असे आहे: क्षितिजावर पसरलेल्या एकाच लहरीचे दोन भाग, दोघेही बाहेरच निघालेले, पण एकाला बाहेर जाता येते आणि दुसऱ्याला येत नाही. ‘आत पडणारा कण’ आतल्या दिशेने फेकला गेलेला नसतो, तो बाहेर येऊ पाहत असतानाच आत ओढला जातो, ही गोष्ट अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही लक्षात आलेली नसते.

हॉकिंग यांनी १९७४ मध्ये जे केले ते थोडक्यात असे. तारा कोसळण्यापूर्वी सर्वत्र निर्वात अवस्था होती, म्हणजे त्या वेळच्या निरीक्षकाला एकही कण सापडत नव्हता, असे त्यांनी धरले. मग फार उशिरा, फार दूर पोहोचणारी लहर घेऊन तिचा माग उलट दिशेने काढला. क्षितिजाच्या जवळून सुटणारी लहर विलक्षण ताणली जाते. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी हा ताण दर २० मायक्रोसेकंदांना सुमारे २.७ पट वाढतो, म्हणजे एका मिलिसेकंदात असे पन्नास टप्पे होतात. इतक्या घातांकी ताणामुळे, कोसळण्याच्या आधीच्या घड्याळानुसार जी निव्वळ धन वारंवारतेची लहर होती, तिच्यात नंतरच्या दूरस्थ घड्याळानुसार ऋण वारंवारतेचा अंश मिसळलेला आढळतो. क्वांटम क्षेत्र सिद्धांतात धन आणि ऋण वारंवारता वेगळ्या करूनच ‘कण’ ठरवले जातात. त्यामुळे घड्याळ बदलले की कणांची संख्याही बदलते, आणि पूर्वीचे निर्वात नंतरच्या निरीक्षकाला कणांनी भरलेले दिसते. मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक वारंवारतेला नेमके तेवढेच येते जेवढे एका ठरावीक तापमानाच्या तप्त वस्तूसाठी यायला हवे. या तापमानात प्लँकचा स्थिरांक, प्रकाशवेग, गुरुत्व स्थिरांक आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक हे चारही एका सूत्रात एकत्र येतात. मी पहिल्यांदा हे गणित शेवटपर्यंत स्वतः सोडवले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि त्यानंतर मला झोप लागली नव्हती.

क्षितिजातून मुक्तपणे खाली पडणाऱ्या निरीक्षकाला मात्र कणांचा वर्षाव जाणवत नाही. मोठ्या कृष्णविवराचे क्षितिज ओलांडताना त्याच्या आसपास जवळपास निर्वातच असते. क्षितिजालगत यान धरून ठेवणाऱ्याला प्रचंड उष्णता जाणवेल, पण ती त्याच्या स्वतःच्या त्वरणामुळे.

कृष्णविवर प्रत्यक्षात क्षीण कसे होते, हेही नुसत्या जोडीच्या गोष्टीवर सोडावे लागत नाही. पॉल डेव्हिस, स्टीफन फुलिंग आणि विल्यम उनरू यांनी १९७६ मध्ये द्विमितीय नमुन्यात क्षेत्राच्या ऊर्जेचा प्रवाह प्रत्यक्ष काढून दाखवला. दूरवर धन ऊर्जा बाहेर जाते आणि क्षितिजावर तेवढीच ऋण ऊर्जा आत जाते. येथे कोल्हापूरकरांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा एक दुवा आहे. वस्तुमान बदलत असलेल्या कृष्णविवराचे वर्णन करण्यासाठी आज जी भूमिती सर्रास वापरली जाते, ती प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रारण सोडणाऱ्या ताऱ्यासाठी शोधली. त्या वेळी ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे काम करत होते. विष्णुपंत मूळचे कोल्हापूरचे, आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांचा जन्मही १९३८ मध्ये याच गावात झाला. कृष्णविवर हा शब्दही रूढ नव्हता त्या काळी सापडलेले ते सूत्र, प्रवाहाची दिशा आणि चिन्ह बदलून, हॉकिंग प्रारणाने झिजणाऱ्या कृष्णविवराला लागू पडते. क्षितिजाचे क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही, असा सिद्धांत स्वतः हॉकिंग यांनीच १९७१ मध्ये मांडला होता. त्यात ऊर्जा कोठेही ऋण नसते हे गृहीतक होते, आणि क्वांटम क्षेत्राने नेमके तेच गृहीतक मोडले. जेकब बेकेनस्टाइन यांनी क्षितिजाच्या क्षेत्रफळाला एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, मानण्याची जी कल्पना मांडली होती आणि जिला हॉकिंग यांचा आरंभी विरोध होता, ती या तापमानामुळे पक्की झाली.

आकडे नम्र करणारे आहेत. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान केल्व्हिनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी येते. त्यातून एक ज्यूल ऊर्जा, म्हणजे शंभर ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलण्याइतकी ऊर्जा, बाहेर पडायला विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे अडीच हजार कोटी पट काळ लागेल. ते संपूर्ण विरायला लागणारी वर्षे म्हणजे १० चा ६७ वा घात, त्याच्या दुप्पट. शिवाय विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान २.७ केल्व्हिन आहे, म्हणून आज अशी कृष्णविवरे जेवढे देतात त्याहून कितीतरी अधिक शोषून घेतात. ज्याचे तापमान या पार्श्वभूमीहून अधिक असेल, ते कृष्णविवर चंद्राहून हलके असावे लागेल. सुमारे ५० कोटी टनांचे, प्रोटॉनहून किंचित लहान आकाराचे एखादे कृष्णविवर विश्वाच्या आरंभी तयार झाले असेल, तर ते आजच्या सुमारास शेवटच्या स्फोटापर्यंत आले असते. गॅमा किरणांच्या दुर्बिणींनी असे स्फोट शोधले आहेत, पण अद्याप एकही सापडलेला नाही.

जोडीबद्दलची सर्वांत मोलाची गोष्ट अजून सांगायची आहे. लहरीचे हे दोन भाग एकमेकांत गुंतलेले असतात, ज्याला एंटँगलमेंट म्हणतात. बाहेरच्या भागात अमुक वारंवारतेचे तीन फोटॉन असतील, तर आतल्या भागातही तीनच असतात. दोन्ही मिळून अवस्था पूर्णपणे निश्चित आहे, तिच्यात यादृच्छिक असे काहीच नाही. परंतु बाहेरच्या निरीक्षकाला आतला भाग कधीच दिसत नाही, आणि जोडीतील केवळ एकाकडे पाहिले की जे दिसते ते निव्वळ उष्णतेसारखे असते. हॉकिंग प्रारण ‘तप्त’ का दिसते, याचे मला पटलेले सर्वांत स्पष्ट कारण हेच आहे. आत काहीतरी जळत असते म्हणून ते तप्त नसते, अर्धी माहिती क्षितिजाआड राहते म्हणून ते तसे दिसते.

अडचणही येथेच सुरू होते. कृष्णविवर जसजसे विरते तसतसे बाहेरच्या प्रारणाचे आतल्या भागीदारांशी असलेले गुंतणे वाढत जाते, पण ते सामावून घेणारे क्षितिज मात्र लहान होत जाते. कृष्णविवर पूर्ण संपले तर बाहेरचे कण कोणाशी गुंतलेले राहतील? डॉन पेज यांनी १९९३ मध्ये दाखवले की माहिती नष्ट होत नसेल, तर कृष्णविवराची एंट्रॉपी सुमारे निम्मी झाल्यानंतर बाहेर येणारे प्रारण आधी बाहेर आलेल्या प्रारणाशी गुंतलेले असले पाहिजे. पण एकच कण आतल्या भागीदाराशी आणि जुन्या प्रारणाशी, दोघांशीही पूर्णपणे गुंतू शकत नाही. या पेचातून २०१२ मध्ये क्षितिजावर आगीची भिंत असल्याची सूचना पुढे आली, आणि २०१९ पासूनच्या गणितांनी पेज यांचा आलेख, म्हणजे प्रारणाचे गुंतणे आधी वाढून नंतर घटत जाते हे दाखवणारी रेघ, गुरुत्वाच्याच सूत्रांतून काढून दाखवला. त्या गणितांनुसार उशिराच्या काळात आतला प्रदेश बाहेरच्या प्रारणाचाच भाग म्हणून मोजावा लागतो. माहिती प्रत्यक्षात कोणत्या वाटेने बाहेर येते, यावर मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर माहिती टिकते याबद्दल मला शंका नाही, पण ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द आपण आज ज्या खात्रीने वापरतो ती खात्री टिकणार नाही.

आता तिसरा प्रश्न. आकाशातील कृष्णविवराजवळची जोडी कोणी पाहिलेली नाही, आणि वरच्या आकड्यांवरून त्याचे कारणही उघड आहे. परंतु बंधाऱ्याची उपमा केवळ उपमा नाही. विल्यम उनरू यांनी १९८१ मध्ये दाखवले की ध्वनीच्या वेगाहून जलद वाहणाऱ्या द्रवात ध्वनीसाठी तंतोतंत तेच समीकरण लागू पडते आणि तेथेही हॉकिंग प्रारण अपेक्षित आहे. २०११ मध्ये व्हँकुव्हर येथे पाण्याच्या लांबट टाकीत बुडालेला उंचवटा ठेवून, बंधाऱ्याच्या माथ्यासारखीच रचना करून, लाटांमध्ये ऋण ऊर्जेचा अंश मिसळण्याचे प्रमाण मोजले गेले आणि ते उष्णतेच्या नियमाप्रमाणे आले. मात्र तेथे लाटा मुद्दाम सोडल्या होत्या, त्या निर्वातातून आपोआप उमटलेल्या नव्हत्या.

ती कसर इस्रायलमधील हैफा येथील जेफ स्टाइनहाउअर यांच्या प्रयोगाने भरून काढली. त्यांनी रुबिडियमचे काही हजार अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून त्यांचा एकजीव क्वांटम द्रव बनवला आणि लेझरच्या साहाय्याने त्यात धबधब्यासारखी पायरी तयार केली. पायरीच्या एका बाजूला प्रवाह ध्वनीहून मंद, दुसऱ्या बाजूला जलद. हाच प्रयोग हजारो वेळा करून त्यांनी प्रत्येक वेळी द्रवाच्या घनतेचे छायाचित्र घेतले. एका छायाचित्रावरून काहीच कळत नाही, तेथे केवळ चढउतार दिसतात. सगळी छायाचित्रे एकत्र तपासली तेव्हा क्षितिजाबाहेरच्या एका बिंदूवरील चढउतार आणि क्षितिजाआतल्या त्याच्या जोडीदार बिंदूवरील चढउतार यांच्यात संबंध आढळला. २०१६ मध्ये त्यांनी त्यात क्वांटम गुंतणे असल्याचे मांडले, त्यावर काही अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. २०१९ च्या मोजणीत तापमान सुमारे ०.३५ नॅनोकेल्व्हिन, म्हणजे सूत्राने सांगितल्याप्रमाणेच आले. आपल्या विद्यार्थिनीला तो घनतेच्या संबंधाचा आलेख अवश्य दाखवावा. त्यात क्षितिजापासून तिरकी निघालेली एक फिकट पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजे बाहेर गेलेला आणि मागे खेचला गेलेला असे दोन्ही भागीदार, एकाच चित्रात.